विश्लेषण : यादीतून जोड्या किती निघतात? कोडिंगमधल्या या प्रश्नाचे भास्कराचार्यांशी नाते काय?

गावच्या मैदानावर आठ संघांची कबड्डी स्पर्धा आहे. प्रत्येक संघाने इतर प्रत्येक संघाशी एकदाच खेळायचे आहे. सामने किती होतील? वेळापत्रक बनवणारा प्रोग्राम घाईत लिहिला तर तो ६४ सामने दाखवतो, कारण त्यात संघ स्वतःशीच खेळतानाही दिसतो. ही चूक सुधारली की आकडा ५६ वर येतो. तरीही प्रत्येक सामना दोनदा धरलेला असतो, एकदा ‘अ विरुद्ध ब’ आणि एकदा ‘ब विरुद्ध अ’. खरे उत्तर आहे २८.

हाच २८ चा आकडा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथातील एका उदाहरणातही येतो. हा ग्रंथ इसवी सन ११५० मधला आहे. तिथे संघ नाहीत, तर राजवाड्याची आठ द्वारे आहेत. यादीतून पुनरावृत्ती न होता जोड्या कशा काढायच्या, हा प्रश्न आज कोडिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटतो. तो ज्यांनी पाठ्यपुस्तकात आणला ते भास्कराचार्य कोण होते? आणि त्यांच्या गणिताचे खानदेशातल्या एका बाजारपेठेशी काय नाते होते?

भास्कराचार्य कोण होते?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. हे वर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. सातव्या शतकात भास्कर नावाचेच आणखी एक गणिती होऊन गेले. त्यामुळे अभ्यासक या दोघांना भास्कर पहिले आणि भास्कर दुसरे असे ओळखतात. ‘लीलावती’ लिहिणारे ते भास्कर दुसरे.

आपले गोत्र शांडिल्य असल्याचे आणि आपण सह्य पर्वताजवळच्या विज्जडविड नावाच्या गावचे असल्याचे त्यांनी लिहिले आहे. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते ते कर्नाटकातील विजापूर, तर काहींच्या मते जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणच्या परिसरातले. पाटणचा दावा का केला जातो, ते पुढे येईलच.

वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. त्या काळी ग्रहांची स्थिती, ग्रहणे, तिथी यांचे गणित करणे हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. त्यामुळे मुलाच्या हातात लहानपणापासूनच आकडेमोड आली.

३६ व्या वर्षी लिहिलेला ग्रंथ

वयाच्या ३६ व्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. याचे चार भाग मानले जातात. ‘लीलावती’ म्हणजे अंकगणित व भूमिती, ‘बीजगणित’ म्हणजे आजच्या भाषेत अल्जिब्रा, ‘ग्रहगणित’ म्हणजे ग्रहांच्या गतीचे गणित आणि ‘गोलाध्याय’ म्हणजे खगोलाचे विवेचन.

यातील ‘लीलावती’ सर्वाधिक गाजला. नियम श्लोकात आणि लगेच त्याखाली उदाहरण, अशी त्याची मांडणी आहे. उदाहरणांत कमळांवरचे भुंगे आहेत, सापावर झेपावणारा मोर आहे, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे. भास्कराचार्य कधी मुलीला, कधी मित्राला उद्देशून प्रश्न विचारतात. पुढची कित्येक शतके भारतात गणित शिकणाऱ्यांच्या हाती हाच ग्रंथ होता.

जोड्यांचा नियम काय आहे?

‘लीलावती’त एक प्रश्न चवींचा आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा चवींपैकी एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशा घेतल्या तर पदार्थाचे किती प्रकार होतील?

आधी फक्त जोड्यांचे पाहू. गोड चव उरलेल्या पाचांशी जोडता येते, म्हणून ५ जोड्या. आंबट चव गोडाशी आधीच जोडून झाली, त्यामुळे तिच्या पुढे उरलेल्या चारच चवी घ्यायच्या. मग खारटच्या ३, तिखटच्या २ आणि कडूची १. तुरटसाठी पुढे कोणीच उरत नाही. एकूण ५ + ४ + ३ + २ + १ = १५.

भास्कराचार्यांचा नियम ही बेरीजही करायला लावत नाही. वरच्या ओळीत आकडे उलट्या क्रमाने लिहायचे, ६, ५, ४, ३, २, १. खालच्या ओळीत सुलट क्रमाने, १, २, ३, ४, ५, ६. मग डावीकडून सुरुवात करायची. ६ ला १ ने भागले की ६, म्हणजे एकेका चवीचे प्रकार. त्याला ५ ने गुणून २ ने भागले की १५, म्हणजे जोड्या. त्याला ४ ने गुणून ३ ने भागले की २०, म्हणजे तीन-तीन चवींचे गट. पुढे १५, ६ आणि १. एकूण ६३.

राजवाड्याच्या आठ द्वारांनाही हाच नियम. एकेक द्वार उघडण्याचे ८ प्रकार, दोन-दोन उघडण्याचे २८, मग ५६, ७०, ५६, २८, ८ आणि १. एकूण २५५. आपल्या कबड्डी स्पर्धेचे २८ सामने याच ओळीत दुसऱ्या जागी आहेत.

कोडमध्ये हेच कसे चालते?

यादीतून जोड्या काढण्यासाठी साधारणपणे एकात एक अशी दोन लूप लिहितात. बाहेरचे लूप यादीतला पहिला घटक धरते, आतले लूप त्याचा जोडीदार शोधते. नवख्यांची चूक आतल्या लूपच्या सुरुवातीला होते. तेही यादीच्या आरंभापासून सुरू केले की प्रत्येक घटक स्वतःशी जोडला जातो आणि प्रत्येक जोडी उलटसुलट अशी दोनदा येते.

उपाय एका ओळीचा आहे. आतले लूप बाहेरच्या लूपच्या पुढच्या जागेपासून सुरू करायचे. म्हणजे मागे वळून पाहायचेच नाही. चवींच्या जोड्या मोजताना आंबटने गोडाकडे परत पाहिले नाही, ते हेच. पायथनसारख्या भाषेत हे काम करणारे ‘कॉम्बिनेशन्स’ नावाचे तयार फंक्शन आहे. आतून तेही हाच शिस्तीचा क्रम पाळते.

किती जोड्या येणार हे आधीच काढता येते. घटकांची संख्या गुणिले त्याहून एकाने कमी संख्या, भागिले दोन. प्रोग्रामने दिलेल्या जोड्या या आकड्याशी जुळल्या नाहीत, तर चूक आपल्या कोडमध्ये आहे हे लगेच कळते.

आधी मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. १,००० नावांच्या यादीतून ४,९९,५०० जोड्या निघतात. हे काम मोबाइलही सहज करतो. पण नावे १ लाख झाली, म्हणजे १०० पट वाढली, तर जोड्या जवळपास १०,००० पट वाढून ४९९ कोटी ९९ लाख ५० हजार होतात. एवढ्या जोड्या मेमरीत साठवायला गेलात तर प्रोग्राम अडकणारच. त्यामुळे सगळ्या जोड्या एकदम न साठवता एकेक काढून वापरायची, की यादीच आधी लहान करायची, हे कोड चालवण्यापूर्वीच ठरवावे लागते.

गुणाकार-भागाकाराचा क्रम का महत्त्वाचा?

शाळेत आपण जोड्यांचे सूत्र फॅक्टोरियलमधून शिकतो. १३ खेळाडूंच्या जोड्या काढायच्या तर १३ चे फॅक्टोरियल घ्यायचे आणि त्याला ११ व २ यांच्या फॅक्टोरियलने भागायचे. कागदावर हे बरोबर आहे. पण १३ चे फॅक्टोरियल होते ६२२,७०,२०,८००. हा आकडा ३२ बिटच्या पूर्णांकात मावत नाही. प्रोग्राम बंद पडत नाही, तर गुपचूप भलतेच उत्तर देतो.

भास्कराचार्यांच्या पद्धतीत इतका मोठा आकडा येतच नाही. १३ गुणिले १२, भागिले २, उत्तर ७८. प्रत्येक पायरीवर आधी गुणले आणि मग भागले, तर बाकी कधीच उरत नाही. दशांशाची भानगड नाही आणि आकडाही आटोक्यात राहतो. आजही असे कोड लिहिताना हाच क्रम सुरक्षित समजला जातो.

यादीत एकच गोष्ट दोनदा असेल तर?

‘युनिक’ या शब्दाचे कोडिंगमध्ये दोन अर्थ होतात आणि गोंधळ तिथेच होतो. पहिला अर्थ, ‘अ-ब’ आणि ‘ब-अ’ ही एकच जोडी धरणे. दुसरा अर्थ, यादीतच एखादे मूल्य अनेकदा असेल तर त्यामुळे तयार होणाऱ्या सारख्या जोड्या गाळणे.

समजा यादी आहे ४, ८, ५, ५, ५. जागांच्या हिशेबाने पाच घटकांच्या १० जोड्या होतात. पण मूल्ये पाहिली तर वेगळ्या जोड्या चारच आहेत, ४-८, ४-५, ८-५ आणि ५-५. कोणता अर्थ हवा आहे हे कामावर ठरते. पाच वेगवेगळ्या माणसांपैकी तिघांचे वय सारखे असले म्हणून ती एकच व्यक्ती होत नाही. तिथे १० हेच उत्तर. पण फक्त मूल्यांशी मतलब असेल तर यादीतील पुनरावृत्ती आधी हाताळावी लागते.

४, ८, ५, ५, ५ हे आकडे ‘लीलावती’तूनच घेतले आहेत. ग्रंथाच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. त्यात क्रम बदलून किती रचना होतात याचा विचार आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे अदलाबदल करून दिली तर ३६,२८,८०० रूपे होतात. विष्णूच्या चार हातांत चार आयुधे दिली तर २४. इथे सगळी आयुधे वेगळी आहेत. पण काही अंक सारखे असतील तर? ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून पाच अंकी संख्या १२० होत नाहीत, कारण तीन पाच एकमेकांच्या जागी गेले तरी संख्या तीच राहते. म्हणून १२० ला ६ ने भागायचे आणि उत्तर २०. त्या सर्व २० संख्यांची बेरीजही भास्कराचार्य विचारतात. ती येते ११,९९,९८८.

हा शोध भास्कराचार्यांचाच का?

नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांच्या गर्दीत हे स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. सहा चवींचे ६३ प्रकार ‘सुश्रुतसंहिते’त आधीच आले होते. छंदशास्त्रात लघु-गुरू अक्षरांच्या रचना मोजण्याची परंपरा पिंगलापासूनची. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी १६ सुगंधी द्रव्यांपैकी चार-चार घेऊन १,८२० मिश्रणे होतात हे ‘बृहत्संहिते’त नोंदवले. नवव्या शतकात कर्नाटकातील जैन गणिती महावीराचार्य यांनी असे गट मोजण्याचा सर्वसाधारण नियम दिला.

भास्कराचार्यांच्या नावावर गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचा शोधही खपवला जातो. पृथ्वीत जड वस्तू ओढून घेण्याची शक्ती आहे, असा विचार ‘गोलाध्याया’त नक्कीच आहे. पण ही ओढ अंतरानुसार किती कमी होते याचे गणित तिथे नाही. न्यूटन यांचा नियम त्या गणितासाठी ओळखला जातो.

मग भास्कराचार्यांचे श्रेय काय? विखुरलेले नियम त्यांनी एका क्रमात बसवले आणि शिकणाऱ्याला स्वतः ताळा करता येईल अशी उदाहरणे दिली. आणि त्यांची स्वतःची भरही मोठी आहे. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी सर्वांत लहान संख्या कोणती? ‘बीजगणिता’त त्यांनी चक्रवाल पद्धतीने तिचे उत्तर काढले, २२,६१,५३,९८०. हाच ६१ चा प्रश्न फ्रान्सच्या फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितींपुढे आव्हान म्हणून ठेवला होता. तोवर भास्कराचार्यांचे उत्तर ५०० वर्षांचे झाले होते.

लीलावती ही त्यांची मुलगी होती का?

कथा सर्वांना माहीत आहे. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर लावला होता. तिच्या दागिन्यातला मोती पात्राच्या छिद्रात अडकला, मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला.

ही कथा येते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी यांनी १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरासोबत. म्हणजे मूळ ग्रंथानंतर सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी. खुद्द ग्रंथात ती नाही. लीलावती या नावाची मुलगी होती की ते ग्रंथाला दिलेले एक सुंदर नाव होते, हे ग्रंथावरून ठरवता येत नाही. एवढे मात्र खरे की प्रश्न विचारताना भास्कराचार्यांच्या समोर अनेकदा एक हुशार मुलगी आहे. १२व्या शतकातील गणिताच्या पुस्तकात ही गोष्ट लहान नाही.

त्यांच्यानंतर काय झाले?

भास्कराचार्य ६९ वर्षांचे होईपर्यंत लिहीत होते. ‘करणकुतूहल’ हा पंचांगासाठी उपयोगी पडणारा त्यांचा ग्रंथ ११८३ चा आहे. मोठ्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या तुलनेत ही रोजच्या आकडेमोडीची सोपी पुस्तिका.

पुढची हकिगत सांगतो तो पाटणचा शिलालेख. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, गौताळा अभयारण्याच्या डोंगरात पाटणादेवीचा परिसर आहे. तिथला हा लेख मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात उजेडात आणला. त्यात या घराण्याच्या पिढ्या नोंदवल्या आहेत. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव राजा सिंघणाचा प्रमुख ज्योतिषी झाला. (हे चांगदेव म्हणजे ज्ञानेश्वरांच्या चरित्रातील चांगदेव नव्हेत.)

या नातवाने पाटणला एक मठ काढला. त्याचा उद्देश शिलालेखात कोरला आहे. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ तिथे शिकवले जावेत. मठासाठी त्या भागातील निकुंभ घराण्याचा सामंत सोइदेव याने शके ११२८ मध्ये चंद्रग्रहणाच्या दिवशी दान दिले. ज्या ग्रहणांचे गणित त्या मठात शिकवले जाणार होते, त्याच मुहूर्तावर.

पाटणच्या बाजूने अभ्यासक जो दावा करतात, त्यामागे हा लेख आहे. पण त्याचे महत्त्व जन्मगावाच्या वादापुरते नाही. लेख बहुतांश संस्कृतात आहे, मात्र दानाचा तपशील सांगणारा शेवटचा भाग मराठीत आहे. मराठीच्या जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. राजा आणि दरबारासाठी संस्कृत होते, पण पैसे ज्यांच्याकडून यायचे त्यांना कळावे म्हणून मराठी, असे समजायला हरकत नाही.

तो तपशील असा. पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून जो कर राजाला मिळत असे, तो मठाला द्यायचा. आणि गावात चालणाऱ्या प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचे.

आज त्याचा अर्थ काय?

‘लीलावती’ फारसीत गेली, १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांनी तिचे इंग्रजी भाषांतर छापले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री कोलब्रुक यांचे भाषांतर आले. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’त अंकपाशाचा विषय बराच पुढे नेला. हे सगळे होऊ शकले, कारण मधल्या काळात कोणी तरी तो ग्रंथ शिकवत आणि उतरवून घेत राहिले.

कोडिंगच्या मुलाखतीसाठी जोड्यांचा प्रश्न पाठ करणारे विद्यार्थी बहुतेकदा दोन लूपची रचना लक्षात ठेवतात आणि आतले लूप पुढच्या जागेपासून का सुरू करायचे, ते विसरतात. मग प्रश्न थोडा बदलला, यादीत एखादा आकडा दोनदा आला किंवा यादी लाखाची झाली, की उत्तर चुकते. त्यावर उपाय कागद-पेनाचा आहे. सहा चवी घ्या, वर उलटे आकडे, खाली सुलटे आकडे लिहा, १५ येतात का बघा. मग हाताने सगळ्या जोड्या लिहून ताळा करा. त्यानंतर कोड लिहा.

पाटणच्या मठात मुले याच पद्धतीचे गणित शिकत असणार. त्यांच्या दिव्यात घाण्यावरचे पळीभर तेल होते आणि त्याचा हिशेब दगडावर मराठीत कोरलेला होता.